प्रश्न विचारण्याची जागा

गुरू या विषयावर आपल्याकडे दोन भाषणे नेहमी तयार असतात. एक सांगते, श्रद्धेवाचून अध्यात्मात पाऊलही टाकता येत नाही, शंका घेणारा काठावरच बसून राहतो. दुसरे विचारते, माणसाला स्वतःची बुद्धी असताना ती दुसऱ्याच्या पायाशी गहाण कशाला ठेवायची? गुरुपौर्णिमेला पहिले भाषण ऐकू येते, एखादा बाबा तुरुंगात गेला की दुसरे. दोन्ही भाषणे करणारे प्रामाणिक असतात आणि दोघांपाशी थोडे थोडे सत्यही असते. पण जो माणूस खरोखरच एखाद्या गुरूच्या दारात उभा आहे, त्याला या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्यापुढचे प्रश्न अधिक साधे आणि अधिक अवघड असतात. किती विश्वास ठेवू? कोणत्या बाबतीत ठेवू? आणि आपले चुकते आहे असे वाटले, तर ते कुठे बोलू?

पहिल्या भाषणातले सत्य आधी मान्य केले पाहिजे. गाणे शिकायला आलेल्या मुलाला महिनोन्‌महिने फक्त षड्ज लावायला सांगितला, तर ते कशासाठी हे त्याला त्या वेळी कळणे शक्य नसते. ते कळायला जो कान लागतो, तो त्या रियाजातूनच घडायचा असतो. ध्यान, जप, मौन यांचेही असेच आहे. सगळे आधी पटवून द्या, मग बसतो, असे म्हणणारा कधीच बसत नाही. शिकणाऱ्याला काही काळ उधारीवर विश्वास ठेवावाच लागतो. यात लाचारी काही नाही, शिकण्याचा तो स्वभावच आहे.

मात्र गाण्याच्या गुरूला श्रोते असतात. सूर लागला की नाही हे ठरवणारे शेकडो कान त्याच्या घराबाहेर असतात आणि ते त्याचे मिंधे नसतात. अध्यात्मातल्या गुरूची मैफल बहुधा त्याच्या शिष्यांपुढेच होते. ऐकणारे कान त्यानेच तयार केलेले असतात. उधारी इथेही तशीच आहे, पण ती फिटली की बुडाली हे सांगणारा तिऱ्हाईत मात्र नाही. म्हणून इथला विश्वास अधिक मोलाचा असतो आणि अधिक धोक्याचाही.

या धोक्याच्या मध्यभागी एक वाक्य आहे. निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या आश्रमांत ते ऐकू येते. शिष्याने शंका काढली की त्याला सांगितले जाते, ही शंका तुझी नाही, तुझ्या अहंकाराची आहे. हे वाक्य दरवेळी खोटेच असते असे नाही. अहंकार शंकेचे सोंग घेतो, हे स्वतःकडे थोडे लक्ष देऊन पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. पण या वाक्याने काय घडते तेही पाहावे. प्रश्न गुरूच्या वागण्याबद्दल होता, उत्तर मात्र शिष्याच्या स्वभावाबद्दल आले. यापुढे शिष्य जेवढा बेचैन होईल, तेवढा त्याचा अहंकार सिद्ध होत जाईल. ज्या विधानाविरुद्ध कोणताच पुरावा उभा राहू शकत नाही, असे विधान तयार झाले. शिवाय हेच वाक्य खरा गुरूही उच्चारू शकतो आणि लबाडही. नुसत्या वाक्यावरून दोघांत फरक करता येत नाही. तो करायचा असेल तर दुसरीकडे पाहावे लागते.

कुठे पाहायचे, याचे एक जुने आणि नेमके उत्तर पाली साहित्यात आहे. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने दिलेला उपदेश आज सर्वांना माहीत आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा त्याचा आशय. पण कालाम हे दारावरून जाणाऱ्या अनेक उपदेशकांमुळे गोंधळलेले लोक होते. मज्झिम निकायातले वीमंसक सुत्त याच्याही पुढे जाते. तिथे बुद्ध स्वतःच्या भिक्षूंशी बोलत आहे आणि परीक्षा कोणाची करायची, तर खुद्द तथागताची. ज्याला दुसऱ्याचे मन वाचता येत नाही त्याने काय करावे? डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते तेवढे तपासावे. याच्या वागण्याबोलण्यात मलीन असे काही आढळते का? याचे चांगले वागणे फार दिवसांचे आहे की कालपरवाचे? नाव झाले, प्रसिद्धी मिळाली, त्यानंतर काही दोष शिरले का? हा संयम पाळतो तो भीतीपोटी, की आसक्तीच सुटली आहे म्हणून? एवढे झाल्यावर तथागतालाच जाऊन विचारावे. अशा तपासातून जी श्रद्धा उभी राहते तिला सुत्तात ‘आकारवती’ म्हटले आहे, म्हणजे आधार असलेली, कारणांसह असलेली. श्रद्धा इथे तपासाच्या शेवटी येते.

या सुत्तातला ‘मन वाचता येत नाही’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समोरचा माणूस आत्मज्ञानी आहे की नाही, हे मी ठरवू शकत नाही. मला तो अधिकार नाही हे मान्य. पण तो खोटे बोलतो का, देणग्यांचा हिशेब दाखवतो का, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईशी कसा बोलतो, सोडून गेलेल्या शिष्याबद्दल काय म्हणतो, हे मी ठरवू शकतो. त्यासाठी समाधी लागावी लागत नाही. चार माणसांचे घर चालवलेल्या कोणाही प्रौढ माणसाला एवढी पारख असते. विश्वासाची म्हणजे दोन क्षेत्रे झाली. साधनेच्या क्षेत्रात गुरूला काही काळ उधारी द्यावी. खरेखोटे, पैसा, शरीर आणि दुसऱ्याचे दुःख या क्षेत्रात उधारी देण्याचे कारणच नाही, कारण तिथे आपण अडाणी नसतो. फसवणूक घडते ती बहुतेक वेळा एका क्षेत्रातला विश्वास गुपचूप दुसऱ्यात नेला जातो तेव्हा. ज्याच्याकडून प्राणायाम शिकलो, तोच जमीन विकावी की नाही हे सांगू लागतो, लग्न कोणाशी करावे हे सांगू लागतो, आणि मुलीला आश्रमात एकटी पाठवा असे म्हणाला तरी कोणी चकार शब्द काढत नाही.

तरीही, हे सगळे शिष्याच्या डोक्यात स्पष्ट असले, तरी तेवढ्याने भागत नाही. आपल्या चर्चेत सगळा भार शिष्यावर टाकला जातो. त्याने डोळस राहावे, त्याने धीट व्हावे, त्याने वेळीच ओळखावे. प्रश्न मनात येणे ही शिष्याची गोष्ट असेलही. तो विचारता येणे ही मात्र एकट्याची गोष्ट नसते.

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात हे फार चांगले दिसते. जनकाच्या यज्ञात सर्वांत ज्ञानी असलेल्यासाठी हजार गायी उभ्या आहेत. याज्ञवल्क्य वाद सुरू होण्याआधीच आपल्या शिष्याला त्या हाकून न्यायला सांगतो आणि मग एकेक विद्वान त्याला प्रश्न विचारायला उठतो. त्यात गार्गी वाचक्नवी आहे. हे सर्व कशात ओतप्रोत आहे, आणि ते कशात, आणि ते पुन्हा कशात, अशी ती एकेक पायरी चढत जाते. ब्रह्मलोकाच्या पुढे ती जाऊ पाहते तेव्हा याज्ञवल्क्य तिला थांबवतो, पुढे विचारशील तर मस्तक गळून पडेल, असे बजावतो. शंकराचार्यांनी भाष्यात याचा अर्थ लावला आहे तो असा की, हा विषय अनुमानाचा नव्हे, आगमाचा. म्हणून तो तर्काने विचारू नये. अर्थ काहीही लावला तरी भर सभेत एका ज्ञानी माणसाने प्रश्न विचारणाऱ्या बाईला मरणाची भीती घातली, हे तिथे लिहिलेलेच आहे. गार्गी गप्प बसते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मध्ये उद्दालक आरुणीचा संवाद होतो आणि गार्गी पुन्हा उठते. या वेळी ती आधी सभेची अनुमती मागते. मी याला आणखी दोन प्रश्न विचारीन, म्हणते. सभा म्हणते, विचार. काशी किंवा विदेहाचा वीर हातात दोन बाण घेऊन उभा राहावा तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे, असे ती याज्ञवल्क्याला सांगते. आता याज्ञवल्क्याला उत्तर द्यावे लागते आणि अक्षरब्रह्माविषयीचे त्याचे थोर विवेचन त्या उत्तरात येते. ते ऐकून, याला नमस्कार करून सुटलात तरी पुष्कळ मिळवले असे समजा, असे गार्गीच सभेला सांगते. तिच्या प्रश्नात द्वेष नव्हता आणि तिच्या नमस्कारात भीती नव्हती. तिची हिंमत तर मोठी होतीच. पण ती दुसऱ्यांदा उठू शकली, कारण तिथे सभा होती. याज्ञवल्क्याच्या नाराजीपलीकडे तिला बोलायची परवानगी देणारे कोणीतरी होते.

अशी सभा नसेल तर काय होते, हे आपण आपल्या काळात पाहिले आहे. २००२ मध्ये पंतप्रधानांच्या नावे एक निनावी पत्र गेले. सिरसा येथील डेरा सच्चा सौदातल्या एका साध्वीने आपल्यावरच्या अत्याचाराची हकिगत त्यात लिहिली होती. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने पत्राची दखल घेतली आणि तपास सीबीआयकडे गेला. ते पत्र छापणारे सिरसाचे पत्रकार रामचंद्र छत्रपती यांच्यावर त्याच वर्षी गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. डेराप्रमुख गुरमीत राम रहीम याला पंचकुला येथील विशेष न्यायालयाने दोषी ठरवले ते ऑगस्ट २०१७ मध्ये. पत्रापासून निकालापर्यंत पंधरा वर्षे गेली. निकालाच्या दिवशी उसळलेल्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मेली.

त्या पत्राला नाव नव्हते, यातच सगळे आले. लिहिणारीची बुद्धी शाबूत होती. काय घडले आणि ते चूक कसे, हे तिला नीट कळत होते. तिच्यात धैर्य होते, नाहीतर तिने पत्र लिहिलेच नसते. डोळस राहा, धीट व्हा, हा उपदेश तिला करण्यात काय अर्थ होता? तिच्यापाशी नव्हती ती सभा. लाखो अनुयायांच्या त्या विशाल डेऱ्यात नाव सांगून एक वाक्य बोलता येईल अशी हातभर जागा नव्हती. म्हणून प्रश्नाला दिल्लीला जावे लागले, तेही तोंड झाकून.

खरा गुरू ही जागा स्वतःहून राखतो. रामकृष्ण परमहंसांच्या चरित्रांत एक प्रसंग नोंदलेला आहे. त्यांचा तरुण शिष्य जोगिन, पुढे जो स्वामी योगानंद झाला, एका रात्री दक्षिणेश्वरी त्यांच्या खोलीत मुक्कामाला होता. मध्यरात्री जाग आली तर रामकृष्ण खोलीत नाहीत. जोगिनच्या मनात पाल चुकचुकली. दिवसा ब्रह्मचर्याचा उपदेश करणारा हा माणूस रात्री नहबतखान्यात राहणाऱ्या आपल्या पत्नीकडे तर जात नसेल? तो बाहेर आला आणि नहबतखान्याच्या दारावर नजर ठेवून उभा राहिला. थोड्या वेळाने रामकृष्ण आले ते दुसऱ्याच बाजूने, पंचवटीकडून. इथे का उभा आहेस, त्यांनी विचारले. जोगिन खजील होऊन गप्प राहिला. रामकृष्णांना सारे कळले. ते रागावले नाहीत. बरोबर केलेस, साधूला दिवसा पाहावे, रात्रीही पाहावे आणि मगच त्याच्यावर विश्वास ठेवावा, अशा अर्थाचे ते बोलले. नरेंद्रने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, रामकृष्णांच्या गादीखाली रुपया ठेवून त्यांच्या द्रव्यत्यागाची परीक्षा पाहिली, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. या आठवणी भक्तांनी लिहिल्या आहेत, त्या जशाच्या तशा का मानाव्यात, असे कोणी म्हणेल. मानू नयेत हवे तर. पण गुरूवर पाळत ठेवणाऱ्या शिष्याची गोष्ट भक्तांनी लपवली नाही, अभिमानाने जपली, एवढे तरी खरे आहे. अशा घरात पुढच्या शिष्याला शंका बोलून दाखवणे सोपे जात असणार.

इथपर्यंत वाचून बुद्धिवादी वाचकाला वाटेल, एवढी राखण करत बसण्यापेक्षा गुरू ही संस्थाच सोडून दिलेली काय वाईट? त्याला सतराव्या शतकातल्या बहिणाबाईंची आठवण करून द्यावीशी वाटते. ब्राह्मण घरातल्या या स्त्रीने गुरू मानले देहूच्या तुकारामांना, ज्यांना त्या काळचा समाज शूद्र म्हणत होता. तुकारामांचा अनुग्रह तिला स्वप्नात झाला. जातीने श्रेष्ठ असलेल्या नवऱ्याला हे सहन होणे शक्य नव्हते. त्याने केलेली मारहाण बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवली आहे. नवरा, जात, शास्त्र सांगण्याचा मक्ता असलेले लोक, या साऱ्या सत्तांपुढे उभे राहायला तिला बळ मिळाले ते एका गुरूवरच्या विश्वासातून. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा प्रश्न उभा करणारी ‘वज्रसूची’ तिनेच मराठीत आणली. तिची श्रद्धा म्हणजेच तिने जगाला विचारलेला प्रश्न होता. म्हणून शरण जाणारा प्रत्येक जण दुबळा असतो, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. कोणाला शरण गेल्यामुळे कोणाची भीती सुटली, हे पाहावे लागते. एका गुरूमुळे माणूस घरात, गावात, जातीत ताठ उभा राहतो. दुसऱ्यामुळे तो सगळ्यांपासून तुटतो आणि फक्त गुरूपुढे वाकलेला उरतो.

गुरुत्वच मोडीत काढण्याचा प्रयोगही आपल्याकडच्या एका माणसाने करून पाहिला. अड्यारच्या थिऑसफिस्टांनी जे. कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून वाढवले आणि १९११ मध्ये त्यांच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ ही संघटना उभी केली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन येथे, अॅनी बेझंट समोर बसलेल्या असताना, सुमारे तीन हजार अनुयायांपुढे त्यांनी ती विसर्जित केली. दान मिळालेल्या जमिनी आणि पैसा परत केला. अध्यात्माच्या इतिहासात गादी नाकारल्याची उदाहरणे थोडी, भरल्या मांडवात नाकारल्याची त्याहून थोडी. पण त्यानंतर १९८६ पर्यंत, आयुष्याच्या अखेरपर्यंत, ते बोलत राहिले आणि माणसे त्यांच्यासमोर जमिनीवर बसून ऐकत राहिली. कोणालाही प्रमाण मानू नका, हे त्यांचे म्हणणे अनेकांनी त्यांना प्रमाण मानून स्वीकारले. हा त्यांचा दोष नाही. अधिकार फक्त सिंहासनावर नसतो, तो ऐकणाऱ्याच्या गरजेतही असतो, हे यातून कळते. गुरूने गादी सोडली म्हणून शिष्याचे काम संपत नाही.

शिष्याने ते काम कसे करावे, याचा नमुना मला डॉ. आंबेडकरांत दिसतो. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत देणाऱ्या या माणसाने बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी भदन्त चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, शरण गेले. आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत ते काय करतात? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरेची कथा बुद्धीला पटत नाही म्हणतात. चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत का, असे विचारतात. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, भिक्षुसंघ नेमका कशासाठी, हेही विचारतात. गृहत्यागाची कथा ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेल्या तंट्याच्या आधाराने नव्याने सांगतात. त्यांची उत्तरे सर्व बौद्धांना मान्य होतील असे नाही. पण शरण जाणे आणि प्रश्न विचारणे या दोन गोष्टी एकाच माणसाने, जवळजवळ एकाच वेळी, सारख्याच गांभीर्याने केल्या. गीतेच्या चौथ्या अध्यायातही ज्ञान मिळवण्याच्या वाटेवर प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न ठेवला आहे. आपण मात्र दोन टोके घेतली आणि मधला शब्द गाळला.

दिवंगत गुरूला प्रश्न विचारणे सोपे, तो रुसत नाही, असे यावर म्हणता येईल. ते खरे आहे. जिवंत गुरूचा चेहरा उतरतो, गुरुबंधू बोलेनासे होतात, वर्षानुवर्षांचा सत्संग, जो पुष्कळांना घरापेक्षा जवळचा झालेला असतो, एका वाक्याने परका होऊ शकतो. म्हणूनच हे ओझे नव्या शिष्याच्या खांद्यावर देऊ नये. ते जुन्या, मानाच्या, पुढच्या रांगेत बसणाऱ्या शिष्यांनी उचलायचे आहे. हिशेब मांडा असे विश्वस्ताने म्हणायचे आहे. एखादी मुलगी काही सांगू पाहत असेल, तर तिचे आधी ऐकून घ्या असे वीस वर्षे सेवा केलेल्या बाईने म्हणायचे आहे. गार्गीला ‘विचार’ म्हणणारी सभा अशाच माणसांची बनलेली असते. गुरूवर त्यांचा विश्वास असेल, तर प्रश्नाने तो मोडेल ही भीती त्यांना का वाटावी?

आणि जो अजून दारातच उभा आहे, त्याने आत जाण्यापूर्वी जुन्या शिष्यांपैकी कोणालाही एक साधी चौकशी करावी. इथे गुरुजींशी शेवटचा मतभेद कोणाचा झाला, आणि तो माणूस आज कुठे आहे? तो इथेच आहे, काल पंगतीत वाढत होता, असे उत्तर आले तर आत जायला हरकत नाही. इथे कोणाचा कधी मतभेद होतच नाही, असे अभिमानाने सांगितले गेले, तर चपला पायातच ठेवाव्यात.